वर दगड नाय का?

भात पिवळं पडून शेतात आडवं व्हायला लागलं की माझ्या पोटऱ्या दुखायला लागतात. डॉक्टरांनी तपासल्या. त्यांना काही सापडलं नाही. सापडणार कसं? हे दुखणं शरीराचं नाही, हंगामाचं आहे. परवा सफाळ्याला उतरले, स्टेशनामागच्या खाचरांतून ताज्या पेंढ्याचा तो कोरडा, गोडसर, नाकात किंचित खाजवणारा वास आला, आणि दोन्ही पाय मला न विचारता डोंगराच्या दिशेने वळले. खांदे आपोआप मागे गेले, जणू कुणी सॅकच्या पट्ट्या अडकवणार आहे. तीन वर्षं झाली त्या हंगामाला. तरी माझं शरीर अजून त्याच्याशी बांधील आहे, आणि दर वर्षी कापणीला परस्पर मोर्चा काढतं.

आधीच स्पष्ट सांगते. मला उंच जायचं होतं. वीस हजार फूट, आणि जमलं तर त्याच्या पुढे. यात लाजण्यासारखं काही नाही. पण बोईसरमध्ये हे वाक्य मोठ्याने म्हटलं की माणसं तुमच्याकडे बघत नाहीत, तुमच्या आईकडे बघतात. आमचे बाबा साताऱ्याकडचे, इथे एका कारखान्यात फिटर. त्यांचं म्हणणं एकच होतं.

"घाटावरनं खाली यायला माझं निम्मं आयुष्य गेलं. आन् ही निघाली परत वर!"

मी त्या वेळी एका युवक संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती होते, म्हणजे बेकार होते. संघटनेकडे एक सायक्लोस्टाइल यंत्र होतं आणि माझ्याकडे संताप होता. दोन्ही मिळून आठवड्याला एक पत्रक निघायचं. गिर्यारोहणाची जी काही पुस्तकं हाताला लागली ती वाचून माझं डोकंच फिरलं. सगळी डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांसाठी लिहिलेली. दारात खाडी, मागे मिठागर आणि घराचा उंबरा हीच काय ती चढण, अशा माणसाने काय करायचं? एक ओळ नाही! मी 'समुद्रसपाटीवरील तरुणांवर होणारा अन्याय' असं पत्रक काढून पालघरभर वाटलं.

त्यातलं एक राऊत सरांच्या हाती पडलं. सर माकुणसारचे. पालघरला हायस्कुलात शिकवायचे, दोनदा हिमालयात जाऊन आले होते आणि गिर्यारोहणाचं एक मंडळ चालवायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं. चष्मा कपाळावर ठेवून पत्रक पुन्हा एकदा वाचलं.

"यात अन्याय कुणी केला ते लिहिलेलं नाही."

"भूगोलाने," मी म्हटलं.

सर भूगोलच शिकवत. ते दुखावले असावेत, कारण त्यांनी मला तिथल्या तिथे मंडळात घेतलं.

मंडळ म्हणजे सहा माणसं, दोन दोर आणि एक आइस अॅक्स. त्या वर्षी मात्र आमचं नशीब उघडलं. हिमालयातल्या एका प्रशिक्षण संस्थेने महिनाभराच्या अभ्यासक्रमासाठी आमच्या मंडळाला जागा दिली. एक. तो अभ्यासक्रम केल्याशिवाय कुठलीच मोहीम तुम्हाला दारात उभं करत नाही. डिसेंबरच्या एका रविवारी परीक्षा ठरली. सफाळ्याजवळचा तांदुळवाडीचा किल्ला, पाठीवर वीस किलो, दोन तासांची मुदत. सगळ्यांत आधी जो वर पोचेल, तो हिमालयात. बाकीच्यांनी भूगोलाचा निषेध करत बसावं.

चढाईला बर्फाचा सराव हवा, आणि आमच्या पट्ट्यात बर्फ एकाच ठिकाणी भेटतो: मासळीत. म्हणून सर आम्हाला मुरब्याला, कोळ्यांच्या गावी, घेऊन गेले. किनाऱ्यावर भुसा लावलेली बर्फाची एक लादी मांडली आणि आइस अॅक्सने पायरी कशी कोरायची ते दाखवलं. प्रत्येकाने तीन घाव घालायचे. माझा नंबर पाचवा. तो येईपर्यंत लादीची वीट झाली होती. शेजारी बांबूंवर बोंबील लटकवत असलेली एक मावशी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती.

"अगो, बरफानं काय केलं तुमचं? मारता कशाला त्याला?"

"हिमालयात जायचंय मावशी," सर म्हणाले.

"मंग तिकडं जाऊन मारा! हितं माझं म्हावरं तापतंय."

पुढे आम्ही हंटर बूट घालून ओल्या वाळूत दोन मैल पळालो. परत येताना ती तिथेच होती. तिने आमच्या मागे लांबवर नजर टाकली. "कोन लागलाय मागं?" कुणी नाही म्हटल्यावर तिने जी मान हलवली, तशी मान आजवर एकाही पोलीस अधिकाऱ्याने माझ्यापुढे हलवलेली नाही. त्या दिवशी आमच्या वसाहतीतली सगळी मांजरं माझ्या मागून घरापर्यंत आली. अजूनही कॅलेंडरवर हिमशिखर पाहिलं की मला सुक्या बोंबलाचा वास येतो. हिमालयावर लिहिणारी थोर मंडळी या वासाचा उल्लेख टाळतात. का टाळतात, याचा त्यांनी खुलासा करावा.

दिवाळी आली तसे सहाचे दोन झालो. एकाचं लग्न ठरलं, एकाचा गुडघा गेला, दोघांच्या घरच्यांनी सॅक माळ्यावर टाकल्या. उरले मी आणि मिश्रा.

मिश्रा उत्तरेकडच्या सपाट मैदानातला. बोईसरला रंगाच्या एका कारखान्यात पाळीवर होता. त्याचे कान कधी निळे असत, कधी पिवळे. त्यावरून त्या आठवड्यात आत काय शिजतंय ते गावाला कळे. बोलायला कमी, चढायला घोडा. वसाहतीतल्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर आम्ही दोघं सॅक घेऊन वरखाली करायचो. वारा कारखान्यांकडून आला की डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, आणि छाती भात्यासारखी. मी थांबून हवेला शिव्या घालायचे. मिश्रा हसायचा.

"दीदी, यहाँ साँस ले ली, तो ऊपर भी ले लेंगे."

त्या हवेवर मी पत्रक लिहायला घेतलंय हे कळलं तेव्हा मात्र तो गंभीर झाला. "दीदी, टेस्ट तक हवा ऐसी ही रहने दो."

मिश्राला पाळी सांभाळून रविवारच मिळायचा. मला सगळे वार मोकळे. हा माझा एकमेव फायदा होता आणि तो मी पुरेपूर उठवायचं ठरवलं. मंगळवारी आणि गुरुवारी मी एकटीच तांदुळवाडीच्या डोंगराला जायचे. सरांचा नियम होता: पायथ्याच्या ओहोळात सॅकमध्ये दगड भरायचे, वर चढायचं, वर दगड ओतून द्यायचे आणि रिकामं उतरायचं, म्हणजे गुडघे टिकतात. जगभर करतात म्हणे असं. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. अर्ध्या डोंगरावर सोमी भेटेपर्यंत.

तिथे डोंगराने जरा पाय पसरलेत. त्या सपाटीवर सोमीचा नागलीचा, म्हणजे नाचणीचा, एक आणि भाताचे दोन तुकडे. चाळिशीची, काटक बाई. मी धापा टाकत वर आले तेव्हा ती विळ्याने सपासप कापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "बाय, पाठीवर काय हाय गं?"

"दगड."

विळा थांबला. "दगड कशाला?"

"वर न्यायला."

तिने डोंगराच्या माथ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग फार काळजीने, आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं, "वर दगड नाय का?"

वादविवादात मी कप मिळवलेला आहे. मी हिमालय, सहनशक्ती, पायांचे स्नायू असं बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. पुढच्या खेपेला म्हणाली, "न्ह्यायचेच हायेत तर चपटे आन. गोल नको." मी विचारात न पडता चपटे आणले. ती म्हणाली, हितंच टाक, आणि मीही हिशेब मांडला की माथ्यावर एकदा जाण्यापेक्षा तिच्या शेतापर्यंत तीनदा चढले तर चढ जास्त होतो. तशी रीतच पडून गेली. मी शेताच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे, पाणी प्यायचे, आणि सोमी मागून सॅकचं तोंड सोडून एकेक दगड काढून घ्यायची. गाय उभी असते आणि धार निघते, तसं. सॅक उतरवायचीसुद्धा गरज नव्हती.

एका गुरुवारी माझ्या लक्षात आलं की इतके दगड आणूनही ढीग काही दिसत नाही. दिसत होता तो गुडघाभर उंचीचा नवा कोरा बांध. पावसात फुटलेल्या जुन्या बांधाच्या जागी, माझ्या चपट्या दगडांचा, एकात एक बसवलेला!

माझं रक्तच तापलं. आदल्याच आठवड्यात मी वेठीच्या कामावर पत्रक काढलं होतं; त्यातला मजकूर मला तोंडपाठ होता. तो मी त्या शेतात उभी राहून म्हणून दाखवला. विनामोबदला श्रम! श्रमिकाला अंधारात ठेवून! सोमी कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. तिचा नवरा पलीकडे भारे बांधत होता, तोही येऊन ऐकायला बसला. त्याला भाषण आवडलं असावं.

"आमी आन म्हटलं का?" सोमी म्हणाली. "तू टाकतंस, आमी लावतो."

"पण दगड माझे!"

"मग ने खाली."

मी खाली बसले. तिने नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. बोलता बोलता कळलं की वरचे दगड एक तर घराएवढे, नाही तर सुपारीएवढे. बांधाला चालणारे सगळे खाली ओहोळात, आणि कापणीच्या दिवसांत ते वर आणायला हात कुठून आणायचे? झोडणी उरकली की सगळं घर वीटभट्टीवर जाणार. त्याआधी बांध झाला नाही तर पुढच्या पावसात उरलीसुरली मातीही ओहोळात. हे सगळं तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, दगड कसा बसवायचा ते सांगावं तसं सांगितलं. मी दुसरी भाकरी मागून घेतली आणि निषेध पुढे ढकलला.

परवा त्या बांधावर जाऊन बसले होते. तीन पावसाळे झेललेत त्याने. फटींतून गवत आलंय. खाली वैतरणा नेहमीसारखी आळसावून पसरलेली, खाडीच्या तोंडाशी समुद्र चकाकणारा, मोज्यांत कुसळं आणि सगळ्या अंगाला उन्हाचा वास. माझ्या नावावर या जगात एकही वास्तू नाही. हाही माझ्या नावावर नाहीच. पण कुठला दगड कुठल्या मंगळवारचा, हे मला अजून सांगता येतं.

तर परीक्षा. डिसेंबरचा रविवार, गार सकाळ. राऊत सरांनी रद्दीवाल्याकडून लटकवायचा काटा आणला होता. पायथ्याला दोघांच्या सॅक तोलल्या, वीस किलो, आणि काटा घेऊन सर आधीच वर गेले. मग एका दुकानदाराने घड्याळात बघून आम्हाला सोडलं. मिश्राने सुरुवातीलाच आघाडी घेतली, पण पहिल्या उभ्या चढाला तो कड्याच्या बाजूच्या लांब वाटेने वळला आणि मी माझ्या रोजच्या पायवाटेने. सोमीच्या शेताशी पोचले तेव्हा मी वेळेच्या पुढे होते. नेहमीच्या जागी नेहमीसारखी थांबले, वाकले, पाणी प्याले. डोळे घड्याळावर, डोक्यात आकडेमोड. सोमी काहीतरी म्हणाली, मी हो म्हटलं. आणि निघाले.

काय सांगू तुम्हाला! पाय जमिनीला लागेनात. पुस्तकांत वाचलं होतं की खऱ्या गिर्यारोहकाच्या शरीरात एका क्षणी नवी ताकद येते. आली! शेवटच्या खडकांवरून मी शेळीसारखी उड्या मारत गेले. दोन महिन्यांच्या कष्टांचं चीज झालं म्हणून डोळे भरून आले. माथ्यावर पोचले तर मिश्राचा पत्ता नाही. सरांसमोर उभी राहून मी चार शब्दही बोलले. समुद्रसपाटीवरच्या माणसाने मनात आणलं तर, वगैरे.

सरांनी सॅक काट्याला लटकवली. काटा एक किलोच्या जरा पुढे जाऊन थांबला. सरांनी आत हात घालून टॉवेल बाहेर काढला, माझ्याकडे पाहिलं, टॉवेल परत आत ठेवला.

"वेगात मात्र आलीस," ते म्हणाले.

दोन तास संपायला अजून अवकाश होता. मी तशीच खाली धावले. वाटेत मिश्रा भेटला, लालबुंद, वाकलेला, पाठीवर वीसच्या वीस किलो. त्याने बाजूला होऊन मला वाट दिली आणि मी उलट दिशेला का चाललेय हे विचारायची ताकद त्याच्यात नव्हती. सोमी बांधाच्या शेवटच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून माती चोपत होती. माझे दगड त्या कोपऱ्यात बसलेसुद्धा होते. चपखल.

"सोमी, आज परीक्षा होती माझी!"

"तू थांबलंस. वाकलंस. मी काडले." तिने मातीचे हात झटकले. "उंद्या भट्टीवर जायचं हाय. म्हटलं, आज पोरीनं बरोबर येळेला आनले."

पाया पडू की ओरडू ते कळेना. बांध पाडून दगड काढायचे तर पहार हवी होती, आणि पहार समोरच पडलेली होती. मी तिच्याकडे बघितलं, सोमीने पहारीकडे बघितलं. मग ती उठली, टोपली घेतली आणि सुपारीएवढी खडी भराभर माझ्या सॅकमध्ये ओतायला लागली. "हेपण दगडच की!" तिचा नवरा वजनाचा अंदाज घेत होता. "अजून घाल. दोन घास घाल अजून."

मुदत संपायच्या आत मी पुन्हा माथ्यावर पोचले. काट्यावर एकवीस किलो भरले. मिश्रा कधीच येऊन, बूट काढून बसला होता. सरांनी वहीत लिहिलं: पहिला मिश्रा, दुसरी मी. दोघांत दुसरी म्हणजे शेवटची असंही कुणी म्हणेल. म्हणू दे.

यानंतर आठ दिवस मी घरात फुगून बसले होते. बाबांनी भाजीत मीठ जास्त झालं असं म्हटलं तर मी त्यांना निवेदन द्यायला सांगितलं.

नवव्या दिवशी दुपारी मिश्रा दारात आला. कान हिरवे. कारखान्यात त्याने महिन्याची रजा मागितली होती. सुपरवायझर हसत सुटला म्हणे. "पहाड़ चढ़ने के लिए छुट्टी? बीवी बीमार है बोल, बाप मर गया बोल!" मिश्राला खोटं बोलायचं नव्हतं. आता मॅनेजरलाच लेखी द्यायचं होतं. शनिवारपर्यंत रजा मंजूर झाली नाही तर सर दुसरं नाव कळवणार होते. दुसरं नाव कुणाचं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"दीदी, आप सबका लिखती हो," तो म्हणाला. "मेरा भी लिख दो."

माझ्या वाचकांना एक माहिती द्यायला हवी. आमच्या संघटनेने आजवर जेवढी निवेदनं दिली, त्यांतलं एकही मान्य झालं नव्हतं. पाणी, रस्ता, दवाखाना, कशाचंच नाही. सगळी मी लिहिलेली. त्यामुळे कागद पुढे ओढताना मला लख्ख दिसलं की मी नेहमीसारखं, जीव ओतून, माझ्या कुवतीतलं सर्वोत्तम निवेदन लिहिलं, तर मिश्राला रजा मिळणं अशक्य आहे. लबाडी करायची गरजच नाही. 'कष्टकऱ्यांच्या उत्तुंग आकांक्षा पायदळी तुडवणाऱ्या व्यवस्थापनाला आम्ही जाहीर विचारतो', एवढी सुरुवात केली की उरलेलं काम व्यवस्थापन करणार. कुणी मला बोल लावू शकणार नव्हतं. मिश्रासुद्धा आभारच मानणार होता.

मी ते लिहिलं. पानभर. फार सुंदर उतरलं होतं. तळाशी तीन उद्गारचिन्हं.

मिश्राला मराठी वाचायला जड जायचं. त्याने कागद दोन्ही हातांत धरला, रंग लागू नये म्हणून कडेकडेने, आणि वरपासून खालपर्यंत नुसता डोळे फिरवून म्हणाला, "बहुत अच्छा लिखा है दीदी. अब तो देना ही पड़ेगा."

"आण इकडे," मी म्हटलं. "चूक झालीय."

दुसऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या. माझी गिर्यारोहणाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झाली आहे. महिनाभराची रजा द्यावी, ही विनंती. परत आल्यावर राहिलेल्या पाळ्या भरून देईन. माझ्या हातून असं मिळमिळीत काही कधी उतरलं नव्हतं. एकही विशेषण नाही! लिहिताना दात दुखले.

मिश्रा खट्टू झाला. "इतना छोटा? इसमें तो गुस्सा ही नहीं है."

"नाहीये. जा आता, पाळी सुटायच्या आत दे."

मी त्याच्याबरोबर गेले. तो फाटकातून आत शिरला, मी समोरच्या टपरीवर बसले आणि चहा सांगितला. मनाशी म्हटलं, नाकारतील. नाकारायलाच हवं, तत्त्वाचा प्रश्न आहे. माझ्या अनुभवाचा असा अपमान ते करणार नाहीत. चहा आला. पहिला घोट घेते तोवर फाटकातून मिश्रा धावत येताना दिसला, कागद डोक्यावर धरून, हिरव्या कानांचा, आनंदाने वेडा झालेला. तळाशी सही होती. शाई वाळायची होती.

संघटनेच्या इतिहासात मान्य झालेली ती पहिली मागणी. मी चहावाल्याला आणखी एक चहा सांगितला, मिश्राच्या पाठीत दणका घातला, आणि तो बशीत चहा ओतत असताना तोंड फिरवून घटकाभर रडून घेतलं. त्या रडण्याचं तेवढं एक निवेदन मी कुणालाच दिलं नाही.